वाडा उभा कर, खोती नको

तुझ्या वडिलांकडून कळलं, की तू आणि सूनबाई गावचा वाडा दुरुस्त करणार आणि वरची डोंगराची जमीन रानाला परत देणार. आनंद झाला. त्याच फोनवर मी विचारलं, वाडीत कोणाशी बोलणं झालं का? तर म्हणे, आधी नकाशे होऊ देत. म्हणून हे लिहितेय. आत्याचा सल्ला मागावा लागत नाही, आणि लिहून पाठवला की मध्येच तोडताही येत नाही.

तू मला इसाबेला ट्री यांचं 'वाइल्डिंग' वाचायला दिलं होतंस, ते सबंध वाचलं. इंग्लंडात ससेक्समधल्या नेपच्या जहागिरीत साडेतीन हजार एकरांवरची शेती परवडेना, तेव्हा ट्री आणि त्यांच्या नवऱ्यानं नांगर थांबवला, लाँगहॉर्न गाई, एक्समूर तट्टं, टॅमवर्थ डुकरं मोकळी सोडली. मग होले आले, नाइटिंगेल आले, २०२० साली पांढऱ्या करकोच्यांनी तिथं पिल्लंसुद्धा काढली. वाचताना मलाही हुरूप आला. पण तो कित्ता आपल्याकडे गिरवू नकोस. तिथं मालक एक आणि पाऊस बाराही महिने थोडाथोडा. आपल्या कोकणात चार महिन्यांत तीन-साडेतीन हजार मिलिमीटर कोसळतो आणि बाकी वर्ष कोरडं. तिथं झाडी माजू नये म्हणून गुरं आणावी लागली. आपल्याकडे लोक मुंबईला गेले, गोठे रिकामे झाले, डोंगरावरचं गवत कापायला आणि चरायला कोणी उरलं नाही, म्हणून ते उभं वाळतं आणि फेब्रुवारीत पेटतं. रान तुझ्या डोंगरावर आपलं आपण यायला कधीचं तयार आहे. त्याला अडवतो तो वणवा आणि ठेकेदाराची कुऱ्हाड. हे दोन्ही थांबवणं ज्यांच्या हातात आहे ती माणसं खालच्या वाडीत राहतात.

त्यांच्याकडे जाण्याआधी आपण कोण होतो ते नीट समजून घे. आपण खोत. गावचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा, हा आपला धंदा. भातशेतीवर अर्धेल, म्हणजे निम्मं पीक. वरकस जमिनीवर तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. शिवाय वेठ. वाड्याची शाकारणी, लग्नाचा मांडव, लाकूड आणणं, सगळं फुकट. १८८०च्या खोती कायद्यानं या देण्याघेण्याला सरकारी कागद मिळाला. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ ते १९३९ खोतांच्या जमिनी कसायच्या थांबवल्या. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मोर्चानं कौन्सिल हॉलवर गेले. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली. पुढं १ एप्रिल १९५७ला कूळकायद्यानं कसणाऱ्याची जमीन झाली. आपल्या माजघरात ही गोष्ट 'सगळं गेलं' अशीच सांगितली जायची. वाडीत ती कशी सांगतात ते ऐक, आणि त्यांना आपल्या ओटीवर बोलावून ऐकू नकोस, त्यांच्या पडवीत जाऊन बस. मध्ये बोलायचं नाही. 'आमचे आजोबा तसे नव्हते' हे वाक्य तोंडाशी येईल. गिळायचं.

मग पहिलं काम मागच्या विहिरीचं. या विहिरीत पोहरा कोणाला टाकता यायचा आणि कोणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला पाठ आहे. महाड आपल्यापासून काही फार लांब नाही. १९२७ला चवदार तळ्यावर जे झालं ते या कठड्यापर्यंत यायला किती काळ लागला, ते मी लिहीत नाही, तूच विचार. विहीर उपसून घे, कठडा नीट कर, पंप बसव आणि एक नळ गडग्याच्या बाहेर काढ, मे महिन्यात कोणालाही हंडा लावता येईल असा. छप्पर गळत असलं तरी हे आधी. त्याचं उद्घाटन वगैरे करू नकोस.

माळ्यावरच्या पेटाऱ्यात मोडीतल्या वह्या आहेत, त्या कोणाला शोभेला देऊ नकोस. फ्रेम करून बैठकीत लावायची कल्पना सूनबाईंना सुचेल, सुचायलाच हवी इतकं ते अक्षर देखणं आहे. पण त्यात कुळांची नावं आहेत, कोणत्या साली कोणाकडून किती खंडी भात आलं आणि कोणाचं थकलं ते आहे. पुष्कळ घरांच्या पणज्याचं नाव दुसऱ्या कुठल्याच कागदावर सापडणार नाही. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात. गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीचा खर्च तू कर, तिला शिकून येऊ दे आणि तिच्याकडूनच वाचून घे. त्या त्या घराला त्यांच्या पानाची प्रत द्यायची. तुझाही त्यात फायदा आहे. कोणत्या उतारावर नाचणी-वरी व्हायची, कोणता दगडी बांध कोणी घातला, पऱ्या कुठून वाहायचा, आमराई कधी लागली, हे त्या वह्यांतून निघेल. डोंगर पूर्वीसारखा करायचा म्हणतोस, पण पूर्वी म्हणजे कधी? अर्धा डोंगर शंभर वर्षांमागे नांगरटीखाली होता, हे नकाशे काढणाऱ्याला ठाऊक नसतं.

सातबाऱ्याचं थोडक्यात सांगते, कारण ते तुला वकीलच सांगेल. सामाईक खात्यातल्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या काम सुरू व्हायच्या आधी घे. वाडा पडका असतो तोवर चुलतभावंडांना त्याची आठवण नसते, चुन्याचा हात फिरला की सगळ्यांना बालपण आठवतं. इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचं नाव आहे का ते बघ. 'खाजगी वन' असा शेरा असला तर १९७५चा खाजगी वनांचा कायदा लागतो, तिथं विचारल्याशिवाय खड्डासुद्धा खणायचा नाही.

आता घर. घर छपरानं जगतं. भिंती एखादा पावसाळा सोसतात, आढं आणि वासे सोसत नाहीत. एप्रिल-मेमध्ये शाकारणी आटप, मृगाच्या आधी. सगळी कौलं उतरवून नवी लावू असं कंत्राटदार सांगेल. उतरव, पण फोडू देऊ नकोस. पडलेल्या गोठ्यांची, ओस घरांची जुनी कौलं गावात पुष्कळ मिळतात, आणि पैसे गावातच राहतात. बदलायचं ते वाशांचं कुजकं टोक. सगळा वासा बदलायची गरज क्वचित असते, चांगला सुतार सांधा मारून देतो. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लाव, वाळवी लांब राहते. फक्त हाताला लागू देऊ नकोस, फोड येतात.

जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठव. जांभा पाणी पितो आणि सोडतो. वरून सिमेंट थापलं की पाणी जोत्यातून चढतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही, रेनकोट घालून धावणाऱ्या माणसासारखी भिंत आतून भिजते. दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे धरतात आणि मग तोच माणूस वॉटरप्रूफिंगचं कोटेशन घेऊन येतो. चुना वापर. भिजवून मुरवलेला, गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलेला. चुन्यात हात घातलेले गवंडी आता थोडे उरलेत, जो भेटेल तो म्हातारा असेल आणि दिवसाला थोडंच काम करेल. त्याच्या हाताखाली वाडीतली दोन मुलं रोजंदारीवर दे आणि काम रेंगाळलं तर रेंगाळू दे. ती मुलं उद्या दहा घरं दुरुस्त करतील. तालुक्याहून टोळी आणून तीन महिन्यांत वाडा चकचकीत केलास, तर पुढल्या गळतीला पुन्हा टोळीच आणावी लागेल. नवे चिरे लागले तर आधी पडक्या गोठ्याचे वापर. नवे घ्यायचेच झाले तर खाणीतून काढल्यावर उघड्यावर राहू देत. जांभा काढताना मऊ असतो, हवेत घट्ट होत जातो. आणि स्वतःच्या सड्यावर चिरेखाण उघडू नकोस, कितीही स्वस्त पडली तरी.

माळ्यावर वटवाघळं आहेत आणि पश्चिमेच्या खोपटात घुबड राहतं. दोघांना राहू दे. उंदरांचा बंदोबस्त घुबड आणि धामणच करतात. आणि घरात चूल पेटती राहिली पाहिजे. धुरानं छपरातली कीड मरते, हे आपल्या आज्या सांगायच्या आणि बंद घरांची दशा बघून मला ते पटलंय. तुम्ही महिन्यातून दोन दिवस येणार असाल तर एखाद्या कुटुंबाला मागच्या सोप्यात राहायला बोलव. राखणदार म्हणून नको, लेखी करार करून, भाडं-पगार सगळं स्पष्ट ठेवून.

डोंगराकडे वळण्याआधी एक वही घे आणि पावसाळाभर, हिवाळाभर नुसतं लिही, तुझ्या जमिनीतून कोण काय नेतं. टाकळा, कुर्डू, फोडशी कोण खुडतं. वारुळावरची अळंबी कोणाला सापडतात. ती जागा माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही, तुला सांगणार नाही, तर विचारूही नकोस, फक्त वारुळं फोडू नकोस. रातांबे कोण गोळा करतं, पातेरा कोण नेतं, भाजावळीसाठी टाळ कोण तोडतं, सरपण कुठल्या बायका कुठून आणतात. पाण्यावर, देवळात, स्मशानात जायच्या पायवाटा कुठून जातात. या सगळ्याला कागद नाही, पण वहिवाट आहे. 'रान राखणार' असं तू जाहीर केलंस की पहिल्यांदा सरपण आणणाऱ्या बाईच्या पोटात गोळा येतो. म्हणून आधी तिच्याशी ठरव: या उतारावरून वाळलेलं लाकूड न्यायचं, त्या उतारावर तीन वर्षं कोयता न्यायचा नाही, आणि त्या बदल्यात चुलीला जळण कुठून, हे तू सांगायचं. व्हाळाच्या अलीकडे मोडकळीला आलेला अकेशियाचा पट्टा आहे ना, सामाजिक वनीकरणाच्या काळातला, तो सरपणाला मोकळा कर. ऑस्ट्रेलियाचं झाड, त्याखाली आपलं रान फारसं धरत नाही. तोडलं तर रानाचंच भलं. एकदम मात्र तोडू नकोस, पट्ट्यापट्ट्यानं, मध्ये सावली राहील असं.

काटेरी तारेचं कुंपण घालू नकोस. जाळीचं तर नाहीच. भेकर आणि खवल्या मांजर अडतं ते वेगळं, पण माणूस अडला की पहिली काडी तिथंच पडते. जुना गडगा आहे तो पडला तिथं रचून घे आणि पायवाटेची खिंडारं तशीच ठेव.

काडीवरून वणव्याकडे येते, आणि इथं जरा बसून वाच, कारण तुझ्या सगळ्या बेताचा जीव यातच आहे. वणवे आकाशातून पडत नाहीत. कोणी पायवाटेवरचं गवत जाळतं, कोणी काजूच्या बागेत साफसफाई करताना आग पुढं जाऊ देतं, कोणी नव्या गवतासाठी लावतं, कोणी शिकारीसाठी, कोणी विडी टाकून. प्रत्येकाचं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा. पायवाटेचं गवत तू कापून देशील तर तिथली आग थांबली. काजूवाल्याबरोबर एक दिवस ठरवून, चार माणसं आणि पाणी घेऊन त्याची साफसफाई कर. शिकाऱ्याशी गावचे मानकरी बोलतील, तू नको. दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं, की डोंगराच्या कडेनं आणि मधल्या वाटांनी गवत कापून जाळरेषा काढायच्या, चांगल्या रुंद. नंतर वाळलेला पाला पुन्हा पुन्हा झाडायचा. जाळरेषांचं काम फेब्रुवारी लागायच्या आत संपलेलं हवं आणि त्याची मजुरी वाडीतल्याच मंडळाला जायला हवी. मंडळाशी करारच असा कर: डोंगर न पेटता पावसाळा आला तर ठरलेली रक्कम मंडळाच्या खात्यात. क्रिकेटच्या स्पर्धेला वर्गणी मागायला येतातच ना, मग तिलाच हे रूप दे. आग लागली तर पैसे कापायचे की नाही, हा वाद घालत बसू नकोस. विझवायला कोण धावलं त्यांना पहिली मजुरी.

आणि गुरं. ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांना गवत कापून न्यायला बोलव. कोकण कपिला ही आपली लहान चणीची गाय आता सरकारदरबारी जात म्हणून नोंदली गेलीय. डोंगर चढते, पावसात टिकते. दोन-चार घरांनी ती पुन्हा पाळली तर तुझं वाळकं गवत कमी होईल. नेपच्या लाँगहॉर्नचं काम आपल्याकडे तिनं करावं, मात्र दावणीच्या जोरावर, मोकाट नको.

आग थांबली की बघ. लावायला फार कमी लागतं. तोडलेल्या ऐनाच्या, किंजळाच्या खुंटांना झुडपासारखे फुटवे फुटतात, त्यातले एक-दोन सरळ ठेवून बाकीचे काढले की त्यांची खोडं होतात. मुळं जुनीच असतात, पाण्यापर्यंत पोचलेली. कुठलंही रोपवाटिकेतलं रोप त्यांची बरोबरी करत नाही. वृक्षारोपणाचे कार्यक्रम, फलक, पाहुणे यात पैसे घालवू नकोस. लावायचंच असेल तर व्हाळाच्या काठानं लाव, जिथं झाडी पार गेलीय तिथं: जांभूळ, करंज, उंडी, सुरमाड. आणि मध्येमध्ये वड, उंबर, नांद्रुक यांच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या तोंडावर खोच. त्यांना फळं धरली की पाखरं आणि वटवाघळं बसतात आणि बाकीची लागवड तीच करतात, उदमांजरं हातभार लावतात. गुलमोहर नको. सुबाभूळ नको. प्रवेशद्वाराशी हिरवळीचा गालिचा पण नको, त्याला मे महिन्यात पाणी घालशील आणि वाडीतल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन बघतील.

रानमोडी ही खरी डोकेदुखी. तिला फुलं येतात डिसेंबर-जानेवारीत. त्याआधी, पाऊस संपता संपता जमीन मऊ असते तेव्हा मुळासकट उपटायची. फुलं आल्यावर उपटलीस तर बी तूच डोंगरभर पसरवशील. घाणेरी नुसती छाटली की दुप्पट फुटते. जमिनीखाली मुळाच्या गड्ड्याशी कुदळीनं तोडायची आणि उलटी टाकायची, म्हणजे पुन्हा रुजत नाही. हे काम सलग काही वर्षं करावं लागतं. मोकळ्या झालेल्या जागी लगेच काही उगवतंय ना ते बघ, नाहीतर रानमोडीच परत येते.

मेलेलं झाड पाडू नकोस. ढोली असलेला म्हातारा बेहडा, सातवीण, रायवळ आंबा हे तर जपून ठेवायचे. धनेशाची मादी उन्हाळ्याच्या तोंडावर अशा ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, एक फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळं आणून भरवतो. आपल्याकडे बरेच जण त्या पक्ष्याला गरुडच म्हणतात. ढोल गेली की त्याचं घराणं गेलं, तरुण झाडांना ढोली नसतात. असं झाड बहुधा शेजाऱ्याच्या जमिनीत असतं, आणि शेजाऱ्याला मुलीच्या लग्नाला पैसे हवे असतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतंच, रान आहे ते लोकांच्या मालकीचं, आणि अडचण आली की ते उभ्यानं ठेकेदाराला विकलं जातं. त्याला दोष देऊ नकोस, झाडाचा भाव दे. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशननं रानाच्या मालकांशी न तोडण्याचे लेखी करार केलेत. भीमाशंकरच्या बाजूला त्यांनीच बेहड्याची फळं नीट गोळा करून, फेअरवाइल्ड नावाच्या प्रमाणपत्रानिशी विकायची घडी बसवली. बेहडा उभा असला तर दरवर्षी पैसे देतो, हे दिसल्यावर तोडायची घाई राहत नाही. त्यांच्याकडे जाऊन करार कसा लिहिलाय ते बघून ये.

वरच्या सड्याला मात्र हात लावू नकोस. उन्हाळ्यात तो काळा, उघडा, ओसाड दिसतो आणि तुला वाटेल, इथं झाडी हवी. नको. पाऊस पडला की त्या कातळावरच्या इंचभर मातीत गेंद, कीटकभक्षी सीतेची आसवं, नाना गवतं उगवतात, डबक्यांत बेडकांची अंडी दिसतात. ते त्या जागेचं रानच आहे. माती टाकून, खड्डे फोडून तिथं काजू लावले की ते सगळं संपतं. शिवाय आपल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. राजापूर तालुक्यात कशेळीला कातळावर कोरलेला प्रचंड हत्ती आहे, आणि कोकणातली अशी ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तुझ्या सड्यावर काही रेषा दिसल्या, तर त्या गुराख्यांना आधीच माहीत असतील. त्यांना विचार, बाहेरच्यांना नंतर कळव.

देवराईत तू मालक नाहीस, सातबारा काहीही म्हणो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पन्नासेक वर्षांमागे सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं तेव्हापासून त्यांची चर्चा आहे. शेजारच्या सिंधुदुर्गात हेवाळे-बांबर्ड्याला रानजायफळाचं दलदलीतलं दुर्मीळ रान टिकलं ते देवाच्या राईमुळंच. हल्ली धोका येतो तो जीर्णोद्धाराचा. स्लॅबचं देऊळ बांधायला पैसे हवेत, मग राईतली चार झाडं जातात. अशा बैठकीत भाषण करू नकोस. झाडाला हात लावायचा तर देवाला कौल लावायचा ही रीत आहे, ती गुरवांना आणि मानकऱ्यांना आठवू दे. आणि देवळाच्या छपराला कौलं, लाकूड, चुना कमी पडत असेल तर वाड्यावरची कारागीर मुलं मोफत पाठव. राईतलं बी तुझ्या डोंगरासाठी हवं असेल तर गाऱ्हाणं घालून, विचारून, मूठभर.

पाहुणे ठेवणार आहात म्हणे. ठेवा, पण वेळासला जाऊन या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं तिथं कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, पुढं कासव महोत्सव सुरू झाला, आणि बघायला येणारे लोक गावातल्या घराघरांत उतरायला लागले. जेवण त्याच घरात, पैसे त्याच घरात. किनाऱ्यावर मोठं हॉटेल बांधून ते झालं नसतं. वाड्यात दोन खोल्या पुरे. तिसरा पाहुणा आला की खालच्या वाडीत पाठवायचा. जेवण तर वाड्यात शिजवूच नकोस, पाळीपाळीनं एकेका घरी. 'खोतांचा राजेशाही पाहुणचार' असलं काही जाहिरातीत लिहिलेलं दिसलं, तर मी स्वतः येऊन फलक उतरवीन. घरी जेवणाऱ्यांना भाकरी, कुळीथाची पिठी, सोलकढी मिळू दे. पनीर मागणाऱ्याला पुढल्या गावाचा पत्ता द्यायचा.

ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, कागदावर तरी. २००२च्या कायद्यानं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. पुष्कळ ठिकाणी ती बाहेरच्या कोणीतरी एका गावची दुसऱ्या गावात उतरवून भरलेली असते. आपली खरी भरा. झाडपाला जाणणारे, मासे जाणणारे, मधाची पोळी जाणणारे लोक अजून आहेत. त्यांच्या दिवसाची मजुरी दे आणि नोंदीपुढं माहिती सांगणाऱ्याचं नाव घालायला लाव. समितीचं अध्यक्षपद तुला देऊ करतील, जुन्या सवयीनं. घेऊ नकोस.

शेवटचं भातखाचरांचं. ती रानाला सोडू नकोस, कसायला दे. जमीन कोणाला कसायला दिली की कूळ लागतं, या धास्तीनं आपल्या लोकांनी कितीतरी खाचरं पड ठेवली, बांध फुटले, माती वाहून गेली. कायद्यात काय बसतं ते वकिलाला विचारून लेखी कर, आणि जे खरंच वहिवाटदार आहेत त्यांच्या नावावर करून द्यावंसं वाटलं तर हिस्सेदारांना विचारून तेही कर. कसलेली खाचरं रान आणि वाडी यांच्यामध्ये राहिली की डुक्कर उघड्यावर यायला बिचकतं. तरी येणारच. तुझं रान दाट होत जाईल तसे डुकरं, माकडं, गवे वाढले असं लोक म्हणायला लागतील, आणि त्यात तथ्य असेल. नेपच्या शेजाऱ्यांनीसुद्धा तण आमच्या शेतात येतं म्हणून पत्रं लिहिली होती. रात्रीच्या राखणीला माळा बांधायला लाकूड दे, बॅटऱ्या दे, पाळी लावली तर एका रात्रीची पाळी स्वतः घे. नुकसान झालं की वनखात्याचा पंचनामा करून भरपाई मिळते, पण अर्ज, फोटो, सातबारा, बँकेचं पासबुक हे सगळं वेळेत जावं लागतं, आणि तिथंच म्हातारी माणसं अडतात. सूनबाईंना संगणकाचं येतं, त्यांनी ते अर्ज भरून द्यावेत, ज्याचं नुकसान झालं त्या प्रत्येकाचे. डुक्कर तुझ्या रानातून आलं की दुसऱ्याच्या, ते विचारत बसायचं नाही. पंचनाम्याला वनरक्षक येईल तेव्हा तू बांधावर हजर राहा.